पीळ पडलेल्या वस्तऱ्याला धार लावताना

दि. १९ जानेवारी २०२५ चा रविवार. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा ओसरत आली होती आणि भवानी पेठेतील आमच्या जुन्या घराची माळवदाची खोली रंगाऱ्यांच्या ताब्यात देण्यापूर्वी आम्ही ती रिकामी करत होतो. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरांच्या तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा निघाला. मूठ काळ्या शिंगाची होती आणि एका कडेला किड्याने कोरलेली होती. पात्यावर तपकिरी गंजाचे ठिपके होते आणि धार इतकी बोथट होती की अंगठ्यावर आडवी फिरवली तरी काहीच जाणवत नव्हते. पुढे दहा आठवड्यांनी मी त्याच वस्तऱ्याने दाढी केली. मधल्या काळात जे चुकले आणि जे साधले ते क्रमाने लिहून ठेवत आहे, कारण सरळ पात्याच्या वस्तऱ्याविषयी माहिती पुष्कळ मिळते, परंतु वाकडे पाते हाती आले तर काय करावे हे मला फार शोधावे लागले.

मुठीलगतच्या पोलादावर भिंगाने वाचता आली ती अक्षरे अशी होती: ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स, नं. ६, नॉरफोक स्ट्रीट, शेफील्ड, इंग्लंड’. शेजारी या कारखान्याची खूण, म्हणजे चांदणी आणि माल्टीज क्रॉस, पुसट दिसत होती. अमेरिकेने १८९० मध्ये आयात मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती केल्यानंतर शेफील्डच्या पात्यांवर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास येऊ लागला, त्यामुळे हा वस्तरा त्याआधीचा नसावा, एवढेच त्यावरून म्हणता येते. आजोबा जुन्या गिरणीत कारकून होते आणि रोज सकाळी भोंग्याच्या आधी अंगणात बसून दाढी करत, हे वडिलांकडून ऐकले होते. वस्तरा त्यांच्याकडे कुठून आला हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

मूठ शिंगाची आहे याची मी आधी खात्री करून घेतली, हेही नोंदवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. तेव्हा जुन्या बाजारात पांढऱ्या मुठीचा वस्तरा आवडला तरी ती मूठ कशाची आहे हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिल्या आठवड्यात मी वस्तरा आमच्या गल्लीतील केशकर्तनाच्या दुकानाच्या काकांना दाखवला. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांनी आजोबांना पाहिलेले आहे. त्यांच्या दुकानात आता, सगळीकडे असतो तसा, अर्धे ब्लेड घालायचा वस्तराच वापरला जातो, म्हणजे गिऱ्हाईक बदलले की ब्लेड बदलते. त्यांनी पाते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि म्हणाले, “मालक, पोलाद चांगलं आहे. पण हे पाजवायचं काम आता माझ्याच्यानं होत नाही, नजर राहिली नाही. आमच्या वडिलांच्या धोकटीत निसणा होता, एवढा, दोन बोटं रुंद. तो पण गेला कुठं तरी.” निघताना त्यांनी एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली, की सायकलवर चाक घेऊन दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याकडे हे पाते मुळीच देऊ नका. त्याचे कारण पुढे मला नीट समजले. कोरड्या फिरत्या चाकावर वस्तऱ्याची कागदासारखी पातळ धार क्षणात तापते, पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते, आणि एकदा पाणी उतरले की ती धार कितीही घासली तरी टिकत नाही. निसण्याची, म्हणजे वस्तरा पाजवायच्या दगडाची, रुंदी त्यांनी बोटांनी दाखवली होती, तिच्याकडे मात्र मी त्या दिवशी लक्ष दिले नाही.

दुसरा मार्ग पुण्याला पाठवण्याचा होता. तेथील एका परिचिताने हौसेखातर वस्तरे पाजवण्याचे काम शिकलेले आहे आणि तो काही न घेता करून देणार होता. २३ ते २७ जानेवारी या काळात मी तीन कुरिअर कचेऱ्यांत गेलो. दोन ठिकाणी ‘धारदार वस्तू आम्ही घेत नाही’ असे सांगून पाकीट परत दिले. तिसऱ्या ठिकाणी अर्ज लिहून मागितला, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, आणि मग वस्तूचे बिल मागितले. बिल नाही म्हटल्यावर किमतीचे स्वतःच्या सहीचे प्रतिज्ञापत्र चालेल असे सांगितले; ते दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो तेव्हा टेबलावर वेगळे गृहस्थ होते आणि त्यांनी वस्तू पाहताच नकार दिला. ज्यांना असे पाते बाहेरगावी पाठवायचे असेल त्यांनी आधी फोनवर विचारून, कोणी होकार दिला त्याचे नाव लिहून घेऊन मगच जावे. २७ तारखेला संध्याकाळी सात रस्त्यावरून घरी परतताना मी ठरवले की हे काम आपणच शिकायचे. मला त्याची भीती वाटत होती, कारण धार बिघडली तर दगडाने आणखी पोलाद खावे लागते आणि खाल्लेले पोलाद परत येत नाही.

१ फेब्रुवारीला जपानी बनावटीचा, एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० क्रमांकाचा दगड मागवला (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक). त्याला ३,४५० रुपये पडले आणि तो ८ तारखेला आला. दुसऱ्या दिवशी गंज काढला. पात्याच्या अंगावर पातळ तेल लावून रात्रभर ठेवले आणि २००० क्रमांकाच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने पाठीपासून धारेच्या दिशेने हलक्या हाताने घासले. काळपट डाग तसेच ठेवले, कारण ते काही बिघडवत नाहीत. फक्त खाणारा तपकिरी गंज जायला हवा. पाते पुसताना फडके धारेच्या लांबीने ओढले आणि मधल्या बोटाला कापले. धार नसलेला वस्तरासुद्धा असा कापतो, म्हणून फडके नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावे आणि धारेपाशी सोडून द्यावे.

आता वस्तरा पाजवण्यामागचे तत्त्व थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तो सांभाळावा लागत नाही. पाते दगडावर सपाट ठेवायचे, म्हणजे जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. माझ्या पात्याची पाठ ५.२ मिलिमीटर जाड आणि पाते १८ मिलिमीटर रुंद भरले. त्यावरून दोन्ही बाजू मिळून कोन सुमारे साडेसोळा अंशांचा येतो. पाठीवर विजेच्या तारांना गुंडाळतात ती चिकटपट्टी एक थर लावली तर पाठ झिजत नाही आणि कोन साधारण एक अंशाने वाढतो. मी ती लावली. एकदा लावली की शेवटपर्यंत तेवढेच थर ठेवावेत आणि प्रत्येक टप्प्याला पट्टी नवी घ्यावी, कारण झिजलेल्या पट्टीने कोन बदलतो आणि आधीचे काम वाया जाते.

१० फेब्रुवारीपासून रोज रात्री जेवणानंतर अर्धा-पाऊण तास मी बसू लागलो. दगडाच्या १००० क्रमांकाच्या बाजूवर पेन्सिलीने चौकटी आखून, काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर त्या पुसल्या जाईपर्यंत दगड घासून आधी सपाट केला. नवा दगडसुद्धा सपाट असेलच असे नाही, हे तेव्हा कळले. दोन कोपऱ्यांतल्या रेषा सर्वांत शेवटी गेल्या. ही बाजू दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवावी लागते; ६००० ची बाजू भिजवायची नसते, तिच्यावर फक्त पाणी शिंपडायचे. तेव्हा आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असे, म्हणून पहिले काही दिवस मी बोअरचे पाणी वापरले. ते इतके जड आहे की पाते वाळले की त्यावर पांढरे ठिपके उमटत आणि सकाळी त्या ठिपक्यांखाली गंजाची सुरुवात दिसे. पुढे पिण्याच्या पाण्यातलेच एक भांडे रोज बाजूला काढून ठेवू लागलो आणि काम संपताच पाते कोरडे करून तेलाचा हात फिरवू लागलो.

दोन आठवडे झाले तरी धार लागेना. पात्याचे टोक आणि मुठीकडची टाच हातावरचे केस सहज उडवत होती, पण मधला सुमारे दोन सेंटिमीटरचा भाग केसांवरून नुसता सरकत होता. मी आधी हाताचा दाब वाढवला. मग वाटले की दगड पुरेसा बारीक नाही, म्हणून ६००० वर गेलो आणि तिथे तीन रात्री घालवल्या. २२ फेब्रुवारीला गालावर एकदा फिरवून पाहिले. केस ओढले गेले, कातडी लाल झाली आणि मी तिथेच थांबलो. त्या रात्री मला मनापासून वाईट वाटले. एवढ्या वर्षांनी निघालेली आजोबांची एकच वस्तू आपण आपल्या हाताने झिजवत आहोत, ही भावना झोपू देत नव्हती.

२४ फेब्रुवारीला, खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती गोष्ट केली. काळ्या मार्कर पेनाने धारेलगतचा उतार दोन्ही बाजूंनी रंगवला आणि दगडावर, दाब न देता, प्रत्येक बाजूने एकच हात फिरवला. भिंगाखाली पाहिले. डाव्या बाजूची शाई टोकाला आणि टाचेला गेली होती, मध्ये जशीच्या तशी होती. उजव्या बाजूची शाई फक्त मध्ये गेली होती. मग पाते जाड काचेवर सपाट ठेवून मागून मोबाइलचा दिवा लावला, तेव्हा एका बाजूने मध्यभागी कागदाच्या जाडीएवढी उजेडाची फट दिसली. पात्याला पीळ होता. जुन्या पात्यांत हा दोष असतो. पोलाद तापवून विझवताना पाते किंचित वळते, आणि वाकलेल्या पात्याची एक बाजू पोटाशी खोल, दुसरी फुगीर राहते. अडीच इंच रुंद दगडावर खोल बाजूचा मधला भाग टेकणारच नाही, मग दगड कितीही बारीक असो आणि दाब कितीही असो. दाबाने तर आधीच टेकणारी टोके जास्त झिजतात.

काकांनी दाखवलेली दोन बोटे तेव्हा आठवली. निसणा अरुंद असला की पात्याचा एका वेळी थोडाच भाग त्याच्यावर येतो, आणि थोड्या भागापुरते वाकडे पातेही सरळच असते. म्हणजे पाते दगडाप्रमाणे सरळ करायचे नव्हते. दगडच पात्याच्या खोल भागात उतरेल असा शोधायचा होता.

तसा जुना निसणा मला सोलापुरात मिळाला नाही. कुंभारवेस, टिळक चौक, मंगळवार बाजार असे हिंडलो. शेवटी काचेच्या दुकानातून १० मिलिमीटर जाडीच्या काचेच्या, ३० मिलिमीटर रुंद आणि २१५ मिलिमीटर लांब अशा चार पट्ट्या कापून, कडा घासून घेतल्या. १८० रुपये झाले. त्यांच्यावर लावण्यासाठी लॅपिंग फिल्म मागवली. ही प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर ठरावीक आकाराचे घर्षककण बसवलेले असतात. १२, ५, ३ आणि १ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असे एकेक पान घेतले. वाहतूक धरून १,५२० रुपये झाले. २ मार्चला मागवलेली पाने ११ मार्चला आली. एका पानातून काचेच्या मापाच्या नऊ पट्ट्या निघतात. काच ओली करून फिल्म तिच्यावर ठेवायची आणि जुन्या एटीएम कार्डाने खालचे पाणी व बुडबुडे काढून टाकायचे, एवढ्याने ती घट्ट बसते. एक बुडबुडा राहिला तरी धार त्यात शिरून फिल्म फाडते. माझी पहिली पट्टी अशीच गेली.

१५ मार्चला पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधी जुनी धार मारली, म्हणजे काचेच्या पेल्याच्या गुळगुळीत कडेवरून पाते दोनदा अगदी हलके ओढले, जेणेकरून अर्धवट तयार झालेली टोकाकडची धार जाऊन सगळ्या पात्याचे काम एकाच ठिकाणापासून सुरू व्हावे. काचेची पट्टी डाव्या हातात धरली, दगड ओट्यावर ठेवतात तशी ठेवली नाही, कारण हातातली पट्टी पात्याच्या वळणाला किंचित साथ देते. पाते फिरवण्याचा हात फुलीच्या आकाराचा. टाचेपासून सुरुवात करून पाते पुढे न्यायचे आणि त्याच वेळी बाजूला सरकवायचे, म्हणजे हात संपताना टोक पट्टीवर असते. फुगीर बाजूने हे करताना मनगट हळूच वळवावे लागते, नाहीतर टाच आणि टोक दोन्ही हवेत राहतात. दर वीस हातांनंतर पुन्हा शाई लावून पाहत होतो. पहिल्या संध्याकाळी मधली शाई कडांवरून फिकट झाली. दुसऱ्या संध्याकाळी ती धारेपर्यंत जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी, १७ मार्चला, एका हातात दोन्ही बाजूंची शाई टाचेपासून टोकापर्यंत साफ निघाली, आणि त्या दिवशी आवाजही बदलला. आधी पाते मध्येच खरखरत आणि मध्येच मुके होत असे; आता एकच बारीक, ओला आवाज शेवटपर्यंत येत होता.

या टप्प्याची खात्री करण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय असा. धार वर करून पाते टेबलावरच्या दिव्याखाली धरावे आणि थेट धारेत पाहावे. खरी धार दिसत नाही, कारण प्रकाश परतवायला तिच्यात जागाच नसते. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे दोन्ही उतार अजून मिळालेले नसतात. माझ्या पात्याच्या मध्यावर आठ-दहा दिवसांपूर्वी तांदळाच्या दाण्याएवढी लांब चमक होती. १७ तारखेला तिथे काळोख होता. या टप्प्यापर्यंत पोहोचल्याशिवाय पुढच्या बारीक फिल्मकडे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. माझे फेब्रुवारीतले सगळे दिवस केवळ एवढ्याच कारणाने वाया गेले.

पुढचे काम लवकर होईल असे वाटले होते. २२ मार्चला ५ मायक्रॉन आणि नंतर ३ मायक्रॉनवर प्रत्येकी चाळीसेक हात झाले, आणि साठपट भिंगातून पाहताना टोकाजवळ दोन सूक्ष्म दात पडलेले दिसले. गंज आत शिरलेल्या जागी पोलाद पोखरलेले होते आणि उतार बारीक झाल्यावर ते ढासळले होते. असा दात कातडीला ओरबाडतो, म्हणून पुन्हा १२ मायक्रॉनवर जाऊन तेवढा थर उतरवण्याखेरीज इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशीचा संपूर्ण रविवार त्यात गेला. मार्चअखेरच्या उन्हात पंखा बंद करून, खिडक्या लावून बसावे लागे, कारण धुळीचा एक कण १ मायक्रॉनच्या फिल्मवर आला तर सगळी धार खरवडते. प्रत्येक पट्टी बदलताना पाते, हात आणि काच तिन्ही धुऊन घेत होतो. २६ मार्चला १ मायक्रॉनचे शेवटचे पन्नास हात झाले. शेवटच्या दहा हातांत पात्याचे स्वतःचे वजनही मी बोटांनी थोडे उचलून धरले होते.

पाजवून झालेला वस्तरा ज्यावर फिरवतात तो आजोबांचा चामडी पट्टा ट्रंकेत होता, पण तो वाळून तडकला होता. एका चर्मकारांकडून ६५ मिलिमीटर रुंदीचा, एकसारख्या जाडीचा गाईच्या चामड्याचा पट्टा ३५० रुपयांत करून घेतला आणि मागच्या बाजूला सुती नवारीची पट्टी शिवून घेतली, तिचे ४० रुपये. पट्ट्यावर पाते नेहमी पाठ पुढे ठेवून ओढायचे आणि परत फिरवताना ते पाठीवरूनच उलटायचे. धारेवरून उलटले तर चामडे कापते आणि धार जाते. पट्टा सैल सोडू नये, कारण त्याच्या झोळीने धार गोल होते. नवारीवर तीस आणि चामड्यावर साठ अशा फेऱ्या झाल्यावर एक लांब केस मुळाकडून दीड सेंटिमीटरवर चिमटीत धरून धारेवर टेकवला. टाचेला तुटला, टोकाला तुटला, आणि मध्येही तुटला.

३० मार्चला गुढीपाडवा होता. गुढी उभारून झाल्यावर, घरातले सगळे आपापल्या कामात असताना, मी अंगणात आरसा लावला. पाते स्पिरिटने पुसून घेतले. जुन्या वस्तऱ्याच्या बाबतीत हे न चुकता करावे. गरम पाण्याचा टॉवेल दोनदा चेहऱ्यावर ठेवून साबण चांगला मुरू दिला. पात्याची पाठ कातडीपासून साधारण तिच्याच दोन जाड्यांएवढी उचलली, दुसऱ्या हाताने कातडी वरच्या बाजूला ताणली आणि कानशिलापासून खाली आलो. पहिल्यांदा फक्त दोन गाल करावेत, हनुवटी आणि वरचा ओठ नेहमीच्या रेझरवर सोडावेत, असे मी आधीच ठरवले होते आणि ते पाळले. पंचवीस मिनिटे लागली. जबड्याच्या वळणावर एक बारीक खरचटले, तिथे तुरटी लावली. पात्याचा मधला भाग गालावरून गेला तेव्हा काहीच ओढले गेले नाही. साबणाखाली केस तुटल्याचा फक्त बारीक कुरकुर आवाज येत होता.

एकूण खर्च ५,९०० रुपये झाला. त्यात दगड, फिल्म, काच, चामडे आणि नवार यांखेरीज भिंगाचे २६० रुपये, पॉलिश पेपरचे ६०, मार्करचे २० आणि चिकटपट्टीचे २० रुपये धरले आहेत. पाते पीळ पडलेले आहे हे पहिल्या दिवशी शाईने पाहिले असते तर रुंद दगड घ्यावाच लागला नसता आणि हेच काम २,४५० रुपयांत झाले असते. तो दगड आता स्वयंपाकघरातल्या विळ्या-सुऱ्यांना लागतो.

दाढी झाल्यावर पाते धुतले, कोरडे केले, पट्ट्यावर दहा फेऱ्या मारल्या आणि खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाने पसरवला. पाडव्याच्या संध्याकाळी वस्तरा घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवला, पाते उजेडात धरून धारेत बघितले, आणि मग मनगटावरचे चार केस मधल्या भागाने उडवून वस्तरा मिटून माझ्या हातात दिला. “आठवड्यातून एकदा तरी वापरा,” म्हणाले, “नुसता ठेवलात तर पुन्हा गंज धरील.”